गोळीने दुखणे थांबले, पण खाज सुटली

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले, की कशेळीची खाडी ओलांडल्यावर काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गावे लागतात. एके काळी इथे भातखाचरे होती. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल ठेवणे स्वस्त पडते हे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले आणि शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली. २०१७ साली जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. कापड, टीव्ही, टायर यांच्या जोडीला औषधांची खोकीही इथून राज्यभर जातात. या औषधांपैकी एका गटाची गोष्ट आपल्याला पाहायची आहे. अफूपासून काढलेली किंवा अफूतील द्रव्यांसारखे काम करणारी ही वेदनाशामके आहेत.

समजा, राहनाळच्याच एका घरात आजोबांना कर्करोग झाला आहे आणि तो हाडांपर्यंत पोचला आहे. रात्र रात्र झोप नाही. परळच्या टाटा रुग्णालयातून त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात. दोन दिवसांत दुखणे आटोक्यात येते, आजोबा बसून चार घास खातात. तिसऱ्या दिवशी ते नाक चोळू लागतात, छाती-पाठ खाजवू लागतात. शेजारच्या काकू म्हणतात, "रिॲक्शन आली वाटतं. बंद करा त्या गोळ्या." घरचे घाबरून गोळ्या बंद करतात. खाज थांबते आणि वेदना परत येते. पुढच्या खेपेला केसपेपरवर लाल शाईत नोंद होते: 'मॉर्फिनची ॲलर्जी'.

हा प्रसंग कल्पित आहे, पण वेदनाशमनाचे काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला तो ओळखीचा वाटेल. खाज आली ही गोष्ट खरी. प्रश्न असा, की ती ॲलर्जी होती का? आणि हा प्रश्न नुसत्या शब्दाचा नाही. त्या लाल शाईच्या एका शब्दाने माणसाचे सर्वांत परिणामकारक औषध कायमचे काढून घेतले जाऊ शकते.

आधी औषधाची ओळख करून घेऊ. अफूच्या कच्च्या बोंडाला चीर दिली, की पांढरा चीक पाझरतो. तो वाळला की तपकिरी अफू तयार होते. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक जिल्ह्यांत सरकारी परवान्याने हे पीक घेतात. नीमच आणि गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत त्यापासून औषधी द्रव्ये काढतात. त्यांतले मुख्य द्रव्य मॉर्फिन. सर्टुर्नर नावाच्या तरुण जर्मन औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते वेगळे केले. १८३२ साली फ्रान्समध्ये रोबिके याने दुसरे द्रव्य शोधले, ते कोडीन. खोकल्याच्या काही औषधांत असते ते हेच. पेथिडीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल ही नंतर प्रयोगशाळेत तयार केलेली भावंडे. या साऱ्यांना मिळून 'ओपिऑइड' म्हणतात. बद्धकोष्ठ, मळमळ आणि गुंगी हे त्यांचे दुष्परिणाम बहुतेकांना माहीत असतात. त्वचेवरच्या परिणामांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

आता एक साधा प्रयोग करू. तो वर्गातही करता येईल. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, पट्टीच्या बोथट कडेने एक रेघ ओढा. रेघ जरा दाबून ओढायची, पण कातडी सोलली जाता कामा नये. मिनिटाभरात तिथे लाल रेघ उमटेल. थोड्या वेळाने तिच्या दोन्ही बाजूंना फिकट लाली पसरेल. काही मुलांच्या हातावर रेघेच्या जागी चक्क फुगवटा येईल, गांधीसारखा. असा फुगवटा सगळ्यांना येत नाही. ज्यांना येतो त्यांना काही रोग आहे असे समजू नये. त्यांची त्वचा थोडी जास्त हळवी असते, इतकेच.

लाल रेघ, भोवतालची लाली आणि फुगवटा या तीन टप्प्यांचा बारकाईने अभ्यास टॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरने १९२० च्या दशकात केला. त्याच्या लक्षात आले, की सुईने हिस्टॅमिन नावाचे द्रव्य त्वचेत टोचले तरी नेमके हेच तीन टप्पे दिसतात. म्हणजे ओरखड्याने त्वचेतूनच हिस्टॅमिन किंवा त्याच्यासारखे काहीतरी सुटत असले पाहिजे. पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याने त्याला हिस्टॅमिन न म्हणता नुसते 'एच-द्रव्य' म्हटले. शास्त्रज्ञाने हातचे राखून कसे बोलावे याचे हे छान उदाहरण विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

हे द्रव्य त्वचेत कुठे साठवलेले असते? उत्तराचा निम्मा भाग १८७८ सालीच सापडला होता. पाउल एर्लिख हा तेव्हा विद्यार्थी होता. ऊती निरनिराळ्या रंगांत बुडवून पाहताना त्याला दाण्यांनी गच्च भरलेल्या काही पेशी दिसल्या. खाऊनपिऊन फुगल्यासारख्या दिसतात म्हणून त्याने त्यांना जर्मनमधले चारा-खुराकाशी नाते सांगणारे नाव दिले, 'मास्ट' पेशी. त्या दाण्यांत हिस्टॅमिन असते हे कळायला १९५३ साल उजाडावे लागले. रायली आणि वेस्ट या दोघांनी ते दाखवून दिले. त्याआधी दोनच वर्षे, १९५१ साली, फेल्डबर्ग आणि पेटन यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांत सिद्ध केले होते, की अफूतील द्रव्ये दिली तर त्वचेतून आणि स्नायूंतून हिस्टॅमिन बाहेर पडते.

म्हणजे पट्टीच्या कडेने आपण जे केले ते मॉर्फिन आतून करते. मास्ट पेशीतले दाणे फुटतात आणि हिस्टॅमिन सुटते. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की त्वचा लाल आणि गरम होते. त्या झिरपू लागल्या की गांधी उठतात. चेतातंतूंची टोके चाळवली की खाज सुटते. शिरेतून मॉर्फिनचे इंजेक्शन दिल्यावर कधी कधी त्या शिरेच्या वाटेवर लालसर पट्टा आणि बारीक गांधी दिसतात, त्या यामुळेच.

मग ही ॲलर्जीच की, असे कोणी म्हणेल. फरक इथेच आहे. खऱ्या ॲलर्जीत शरीराची त्या पदार्थाशी आधी गाठ पडलेली असावी लागते. पहिल्या भेटीत शरीर त्या पदार्थाविरुद्ध खास प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या भेटीत पदार्थ त्यांना चिकटतो आणि मगच दाणे फुटतात. कुलूप, किल्ली आणि आधी केलेली ओळख, असा हा प्रकार. मॉर्फिनला अशा ओळखीची गरज लागत नाही. पहिल्याच गोळीला, आयुष्यात कधी अफूचे नावही न ऐकलेल्या माणसात, ते थेट पेशीवर काम करू शकते. मास्ट पेशीवर एक वेगळाच ग्राही असतो. ग्राही म्हणजे ठरावीक रेणू ओळखून पेशीला इशारा देणारे प्रथिन. अनेक औषधे या ग्राहीला डिवचून प्रतिपिंडांशिवायच पेशी फोडतात हे २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. नंतरच्या प्रयोगांत मॉर्फिन आणि कोडीनही याच वाटेने जातात असे आढळले.

याचा एक गमतीदार पुरावा ॲलर्जीतज्ज्ञांच्या दवाखान्यात मिळतो. धूळ, परागकण यांची ॲलर्जी तपासताना हातावर थेंब टाकून सुईने हलके टोचतात. रोग्याची त्वचा मुळात प्रतिसाद देते आहे ना, हे पाहण्यासाठी एक थेंब असा हवा, की ज्याने जवळजवळ प्रत्येकालाच गांधी उठेल. त्यासाठी सहसा हिस्टॅमिन वापरतात, पण काही ठिकाणी कोडीनचे द्रावणही वापरत आले आहेत. जे जवळजवळ प्रत्येकाला होते त्याला ॲलर्जी कसे म्हणायचे?

सगळीच ओपिऑइड औषधे मास्ट पेशींना सारखी डिवचत नाहीत. मॉर्फिन, कोडीन आणि पेथिडीन यांत आघाडीवर आहेत. फेंटानिल वेदना थांबवण्यात मॉर्फिनपेक्षा कितीतरी पट प्रबळ, पण हिस्टॅमिन सोडण्यात अगदीच मागे.

गोष्ट इथे संपली असती तर सोपे होते. हिस्टॅमिनविरोधी गोळी द्यायची आणि खाज घालवायची. पण भूलतज्ज्ञांना एक कोडे पडले होते. सिझेरियनच्या वेळी पाठीच्या मणक्यांतून, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात भुलीच्या औषधाबरोबर थोडे मॉर्फिन देतात. त्याने शस्त्रक्रियेनंतर बराच काळ दुखत नाही. हे 'थोडे' किती, तर साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम. तोंडाने घ्यायच्या नेहमीच्या गोळीत १० मिलिग्रॅम असते. त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासच्या या मात्रेने खाज कमी यायला हवी. होते उलटेच. गोळ्या-इंजेक्शने घेणाऱ्यांत शंभरातल्या दोन ते दहा जणांना खाज येते, असे निरनिराळ्या पाहण्यांत दिसते. मणक्यांतून मॉर्फिन दिलेल्यांत हेच प्रमाण शंभरात तीसपासून जवळजवळ सगळ्यांपर्यंत जाते. बाळंतिणींना ती जास्त येते. शिवाय खाज येते ती नाक, गाल, डोळ्यांभोवती. अंगावर गांधी नसतात, लाली नसते. हिस्टॅमिनविरोधी गोळीने थोडी झोप येते, पण खाज फारशी हटत नाही. आणि मास्ट पेशींना हात न लावणारे फेंटानिल मणक्यांतून दिले तरीही खाज येते!

हे सारे धागे विद्यार्थ्यांसमोर मांडून त्यांनाच निष्कर्ष काढायला सांगावा. त्वचेचा यात संबंध नसला पाहिजे. खाज त्वचेवर जाणवते, पण ती तयार होते मज्जारज्जूत आणि मेंदूत. नॅलोक्सोन नावाचे औषध ओपिऑइडना त्यांच्या नेहमीच्या ग्राहीवरून हटवते. ते दिले की ही खाज थांबते. मास्ट पेशीतून होणारी हिस्टॅमिनची गळती मात्र नॅलोक्सोनने थांबत नाही, कारण तिथला ग्राही निराळा. एकाच औषधाने आलेली खाज, पण वाटा दोन.

मज्जारज्जूत नेमके काय होते याबद्दल मतभेद झाले. खाजवल्यावर बरे वाटते हा आपला रोजचा अनुभव आहे. बारीकशी वेदना खाजेला दाबून टाकते. त्यावरून जुना तर्क असा, की वेदना गेली की तिचा हा धाकही जातो आणि खाज डोके वर काढते. २०११ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून वेगळे मत पुढे आले: खाजेसाठी मॉर्फिनचा स्वतंत्र ग्राहीप्रकार आहे आणि खाजेचा वेदनाशमनाशी संबंध नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी पारडे पुन्हा दुसरीकडे झुकवले. मज्जारज्जूत काही चेतापेशी खाजेच्या संदेशाला सतत लगाम घालत असतात. मॉर्फिन या लगाम घालणाऱ्या पेशींनाच गप्प करते, आणि मग खाजेचे संदेश मोकाट सुटतात. रखवालदार झोपला की चोर वाढले असे वाटते, पण चोर तेवढेच असतात.

आता त्या आजोबांचे काय करायला हवे होते? पहिली गोष्ट, गोळ्या मनाने बंद करायच्या नव्हत्या, डॉक्टरांना विचारायचे होते. काही आठवडे नियमित घेतलेले मॉर्फिन एकदम बंद केले तर वेदनेच्या जोडीला घाम, थरथर, जुलाब, अंगावर काटा असे हाल होतात ते वेगळेच. खाज सौम्य असेल तर पुष्कळदा ती काही दिवसांत आपोआप कमी होते. नाही झाली तर डॉक्टर मात्रा कमी करून पाहतात, गांधी असतील तर हिस्टॅमिनविरोधी औषध देतात किंवा मॉर्फिनऐवजी दुसरे ओपिऑइड देतात. मणक्यांतून दिलेल्या औषधाची खाज असेल तर ओपिऑइडचा परिणाम अंशतः रोखणारी औषधे थोड्या मात्रेत देतात. ही निवड डॉक्टरचीच. आपण करायचे ते एवढेच: कोमट पाण्याची अंघोळ, सुती कपडे, नखे कापलेली, त्वचा कोरडी पडली असेल तर खोबरेल.

आणि खाजेचे खापर दर वेळी मॉर्फिनवर फोडू नये. कर्करोगाने पित्ताची नळी अडली तर कावीळ होते आणि काविळीची खाज फार त्रासदायक असते. मूत्रपिंडे निकामी झाली तरी खाज येते. खरूज तर घरात एकाला झाली की सगळ्यांना होते.

खरी ॲलर्जी होतच नाही असे मात्र मुळीच नाही. ती दुर्मिळ आहे, पण होते. ओठ, जीभ, डोळे सुजणे, श्वास लागणे, छातीत घरघर, चक्कर येऊन अंग गार पडणे यांतले काहीही झाले तर घरी वाट पाहू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. ताप येऊन अंगावर फोड उठले, कातडी सुटू लागली किंवा तोंडात फोड आले, तरीही तेच. नुसती खाज एकीकडे आणि ही लक्षणे दुसरीकडे. हा भेद समजला तर निम्मे काम झाले.

त्वचेच्या आणखी दोन तक्रारी आहेत. एक घामाची. ओपिऑइड मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्रावर परिणाम करतात, त्यामुळे काहींना दरदरून घाम सुटतो. भिवंडीच्या दमट हवेत औषधाचा घाम कोणता आणि मे महिन्याचा कोणता हे ठरवणे कठीणच, पण रात्री कपडे बदलावे लागत असतील तर डॉक्टरांना सांगावे. दुसरी तक्रार फेंटानिलच्या पट्टीची. ज्यांना गिळता येत नाही त्यांना औषध भरलेली पट्टी दंडावर किंवा पाठीवर लावतात. ती सहसा तीन दिवसांनी बदलतात. तिच्या डिंकाने खाली लाली किंवा पुरळ येते, म्हणून दर वेळी जागा बदलायची. इथे त्वचा म्हणजे औषध आत जायचे दार. उष्णता मिळाली की हे दार अधिक उघडते. ४० अंश सेल्सिअस ताप असेल तर रक्तातले फेंटानिल सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकते, असे या पट्टीच्या माहितीपत्रकातच दिलेले असते. म्हणून पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. वापरून झालेल्या पट्टीतही लहान मुलाचा जीव घेण्याइतके औषध उरलेले असू शकते. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने, रुग्णालयाने सांगितल्याप्रमाणे तिची विल्हेवाट लावावी.

'मॉर्फिनची ॲलर्जी' ही नोंद आपल्याकडे जास्त महागात पडते, कारण मॉर्फिन मुळातच दुर्मिळ आहे. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला. उद्देश योग्य होता, पण परवान्यांच्या जंजाळाला कंटाळून दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. जो देश जगाला औषधासाठी अफू पुरवतो, त्याच देशातले रोगी मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन यांच्यासह सहा औषधांसाठी परवान्याची पद्धत देशभर एकसारखी व सोपी करण्यात आली. तरीही २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला, तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम चार टक्के औषध रोग्यांपर्यंत पोचत असल्याचे दिसले. मुंबईत टाटा रुग्णालय आहे, १९८६ पासून वांद्र्याचे शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. तालुक्याच्या गावात मात्र अजूनही शोधाशोध करावी लागते. इतक्या खटपटीने मिळालेली गोळी खाजेसाठी सोडून द्यायची का?

या नाण्याची दुसरी बाजूही भिवंडीत दिसते. २०२२ साली अमली पदार्थ नियंत्रण विभागाने भिवंडीजवळ कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या हजारो बाटल्या पकडल्या. ही बाटली नशेसाठी विकली जाते आणि तिची गिऱ्हाइके शाळा-कॉलेजच्या वयाचीही असतात. पोटात गेलेल्या कोडीनचा काही भाग यकृतात मॉर्फिनमध्ये बदलतो, म्हणून नशा तीच आणि नाक चोळणे, अंग खाजवणेही तेच. पण शिक्षकांना एक विनंती. खाजवणाऱ्या मुलाकडे लगेच संशयाने पाहू नका. घामोळे, खरूज आणि नायटा यांचे प्रमाण त्याच्या शेकडो पट असते. पेंगुळलेले डोळे, टाचणीएवढ्या बारीक झालेल्या बाहुल्या, अभ्यासातून अचानक उडालेले लक्ष, दप्तरातल्या रिकाम्या बाटल्या असे सारे एकत्र दिसले, तरच पालकांशी बोला, आणि तेही चारचौघांत नको.

जाता जाता एक उलटी गोष्ट. मॉर्फिन ज्या ग्राहीवर बसते त्याला ग्रीक अक्षरावरून 'म्यू' म्हणतात. त्याचा एक भाऊ आहे, 'कप्पा'. म्यू जागा झाला की खाज वाढते, कप्पा जागा झाला की कमी होते. डायलिसिसवर असलेल्या रोग्यांची खाज इतकी चिवट असते, की काहींना झोपच लागत नाही. त्यांच्यासाठी कप्पा ग्राहीवर काम करणारे एक औषध जपानमध्ये २००९ साली मान्य झाले, तर दुसरे अमेरिकेत २०२१ साली. काविळीच्या खाजेत शरीराने स्वतःच तयार केलेली अफूसारखी द्रव्ये वाढलेली असतात, असे मानले जाते. म्हणून तिथे म्यू ग्राही अडवणारे औषध काही वेळा उपयोगी पडते. ते औषध मॉर्फिन चालू असलेल्या रोग्याला मात्र देता येत नाही, कारण खाजेबरोबर वेदनाशमनही जाते.